इक्बालभाईंचा तेरावा गडी

नवीन मुलगा आला की इक्बालभाई नाव विचारण्याआधी गळ्यातली टेप काढून त्याची छाती मोजत. "छत्तीस. खांदे ठीक. आता पळून दाखव!" शारजाच्या रोल्ला भागात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. गाव रत्नागिरीकडचं. रग्बी लीग ते स्वतः कधीच खेळले नव्हते. एका ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकाने पँटची मापं देता देता त्यांना हा खेळ समजावला होता. तेवढ्यावर त्यांनी क्लब काढला. त्यात गोदामात काम करणारे होते, ड्रायव्हर होते आणि आमच्यासारख्या पगारदार घरांतली मुलंही होती. माझा मुलगा, म्हणजे तुमचा बाबा, त्यांतलाच.

इतर क्लबांकडे हिरवळ होती, आमच्याकडे सपाट केलेली वाळू. कोपरं सोलवटलेली पोरं कुरकुरली की इक्बालभाई म्हणत, "वाळू भाजते ना? मग तू पडू नको, समोरच्याला पाड. यल्ला, चल!"

त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून मी सेक्रेटरी झाले. "वहिनी, तुम्ही इंग्लिशमध्ये लिहा, मी मराठीत ओरडतो." पहिल्या वर्षी मी प्रत्येक कागदाचा अर्थ त्यांना सांगत असे. पुढे तेच मला थांबवू लागले. "तुम्ही वाचलंत ना? खलास. सही कुठे करू ते दाखवा."

चौथ्या मोसमात आमच्या पोरांनी ब्रिटिश शिक्षकांच्या संघाला हरवून कप आणला. इक्बालभाईंनी तो दुकानाच्या काचेत शेरवानींच्या मधोमध ठेवला. विजार आखूड करून घ्यायला आलेल्या माणसालाही आधी सामन्याची हकीकत ऐकावी लागे.

मग कंपन्या बंद पडू लागल्या. नोकरी गेली की व्हिसा जाई आणि पोरगा गावी परते. शेवटच्या मोसमात आमच्याकडे मोजून तेरा उरले. मैदानात तेराच लागतात. तेरा उतरले नाहीत तर सामना गेला, आणि असे लागोपाठ दोन गेले की स्पर्धेतून क्लबचं नाव कापलं जाई. एक आधीच गेला होता.

त्याच आठवड्यात हिरवळवाल्या एका क्लबाने निखिलला, म्हणजे तुमच्या बाबाला, बोलावलं. तिथला कोच त्याला सिडनीच्या कॉलेजसाठी शिफारस देणार होता. त्यासाठी आमच्या क्लबाचं सोडपत्र दोन दिवसांत हवं होतं. इक्बालभाईंना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. "एवढी एक मॅच खेळून जाऊ दे," इतकंच म्हणाले असते. पण सामन्याआधीच मुदत संपत होती. मी सोडपत्र टाइप केलं आणि मैदानाच्या अर्जांमध्ये घातलं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कुठे?" मी बोट ठेवलं. घरी येऊन निखिलला सांगितलं, "इक्बालभाईंनी खुशीने सोडलं तुला."

सामन्याच्या दिवशी बारा जण जर्सी घालून उभे होते. "निखिल कुठाय, वहिनी? ट्रॅफिकमध्ये अडकला का?"

"तो दुसऱ्या क्लबात गेला. तुम्हीच सही केलीत," मी म्हणाले आणि फाइलमधली प्रत त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा पुसला. मजकूर त्यांना कळणार नव्हता, पण खालची सही त्यांचीच होती. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कॅप्टन शकील संतापून आला. "चाचा, त्याला सोडलं कोणी? आजच्या दिवशी?"

"मी सोडला," इक्बालभाई म्हणाले. "पोराचं भलं होत होतं. ओरडू नको."

रेफरीने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि शिट्टी वाजवली. आठवडाभरात क्लबचं नाव कापलं गेलं.

वर्षभराने सिडनीहून निखिलचं आभाराचं पत्र त्यांना आलं. ते इंग्रजीत होतं, तुमच्या बाबाला मराठी लिहिता कुठे येतं! इक्बालभाई ते घेऊन दुबईत अल बर्शाला आमच्या घरी आले. "वाचा, वहिनी." मी एकही शब्द न गाळता अर्थ सांगितला. "तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मला सोडलं नसतं," असं त्यात होतं.

"छान लिहितो," ते म्हणाले. "त्याला काही सांगू नका."

चहा न घेताच ते उठले. पुढे दुकान बंद करून गावी गेले. गेल्या वर्षी तिकडेच वारल्याचं कळलं. त्यांनी सांगितलं म्हणून मी गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं.