सरळ केलेला ढोल

कुपवाडच्या एमआयडीसीत बाळासोच्या प्रेस शॉपला लागून एक गाळा आहे. त्याच्या शटरवर पूर्वी 'टर्निंगची कामे करून मिळतील' असं लिहिलेलं होतं. आता त्यावर 'मल्हार स्टुडिओ' आहे आणि खाली बारीक अक्षरात 'म्युझिक प्रोड्युसर'. नवा रंग एकच हात मारलेला, त्यामुळे जुनी अक्षरं अजून दिसतात. उन्हं तिरपी झाली की टर्निंगच जास्त ठळक वाचता येतं.

मल्हारने अकरा वर्षं लेथवर काढली. हात चांगला होता. केसाच्या जाडीइतका फरक त्याला बोटाला कळायचा. मग फावल्या वेळात कॉम्प्युटरवर गाणी जुळवायचा नाद लागला, आणि एक दिवस त्याने लेथ विकून टाकली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, त्यावर बायकोच्या माहेरच्या वाकळा टांगल्या, दोन स्पीकर, एक माइक आणि फिरती खुर्ची आणली.

वाकळांनी आवाज अडतो, पण बाळासोचा पत्रे कापणारा पन्नास टनी प्रेस अडत नाही. तो खाली आला की स्टुडिओतला माइक हलतो. म्हणून मल्हारकडे रेकॉर्डिंग फक्त प्रेसच्या जेवणाच्या सुट्टीत होतं. दुपारी एक ते दीड. भोंगा झाला की गायचं, भोंगा झाला की थांबायचं. कुणी मध्येच पाणी मागितलं तर मल्हार म्हणायचा, "पाणी पावणेदोनला."

गाणारे येत ते सगळे 'इंडिपेंडंट आर्टिस्ट'. म्हणजे स्वतंत्र कलाकार. शब्द मित्राने लिहिलेले, चाल कुठूनतरी उचललेली, संगीत मल्हारचं, सूर कॉम्प्युटरने ओढून जागेवर बसवलेला. नाव तेवढं स्वतःचं. पूर्वी गळा असलेला माणूस गायचा आणि लोक त्याला कलाकार म्हणायचे. आता पोरं आधी कलाकार होतात आणि मग गळ्याचं काय करायचं ते मल्हारला विचारतात.

मल्हारचा बाप धुळा आटपाडीकडचा. जन्म मेंढरांमागे गेला, आता गुडघे गेले म्हणून थोडी बाजरी आणि डाळिंब बघतो. धनगरी गजी नाचाच्या मेळात ढोल मात्र अजून त्याच्याच गळ्यात. पोराने लेथ विकल्यापासून धुळा कुपवाडला फिरकला नव्हता. कुणी विचारलं तर सांगायचा, "व्हता कामाला. आता खुर्चीत बसतो."

हे 'खुर्चीत बसतो' मल्हारला फार लागायचं. गाणं चाललं, नाही चाललं, त्याचं त्याला फारसं काही नसे. बापाने एकदा म्हणावं की पोरगं काम करतंय. बस्स.

ती संधी वीरधवल घेऊन आला. हा उंब्रजजवळच्या वाडीचा. वीस एकर ऊस, चुलता फौजेत सुभेदार, दारात पांढरी गाडी, गळ्यात हेडफोन. हेडफोनची वायर खिशात गेलेली असायची, खिशात कशाला जोडलेली असायची ते कुणी पाहिलं नाही.

"मल्हारदादा, आपल्याला मातीतलं गाणं करायचंय," वीरधवल म्हणाला. "गजीढोल पाहिजे. एकदम ओरिजिनल."

"तुमी कवा गजी बघितलीय?"

"रीलवर बघितली की."

मल्हारने बापाला फोन केला. "आबा, मेळ घेऊन या. गाण्याखाली तुमचं नाव येणार. ढोल : धुळा. सगळ्या जगाला दिसंल."

धुळाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाला, "डाळिंब कोण बघंल ते बघतो." म्हणजे येतो.

आला, सात जणांना घेऊन, टेम्पोतून. स्टुडिओ बघितला, वाकळांना हात लावला, सुनेला म्हणाला, "मंगल, ह्या पांघराय न्हाईत व्हय तुमच्याकडं?"

"आवं मामंजी, आमी थंडीत कुडकुडतो, भिंती उबंत असत्यात," मंगल म्हणाली. ती जवळच्या फरसाणच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. दिवसाला सहाशे पुडे सील करते आणि तिला आपण काय काम करतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मल्हारने बापाच्या कानाला हेडफोन लावला. आत टिक टिक वाजत होतं. "आबा, ह्या टिकटिकीवर वाजवायचं. पुढं न्हाई, मागं न्हाई."

धुळाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "ह्यो कोण मला सांगणारा?"

एकचा भोंगा झाला. धुळाने ढोल गळ्यात घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं. गजीचा ढोल सावकाश निघतो. नाचणाऱ्यांचं रिंगण फिरू लागलं की ढोल थोडा चढतो, पाय त्याला गाठतात, ढोल आणखी चढतो. कुठे चढायचं ते कागदावर लिहिलेलं नसतं. ढोलवाल्याची नजर पायांवर असते आणि पायांचा कान ढोलावर. त्या दिवशी पाय नव्हते तरी धुळाने ते मनात धरून वाजवलं. सलग. एकदाच. दीडच्या भोंग्याला सात मिनिटं बाकी असताना तो थांबला, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाला, "झालं. परत वाजवाय लावू नगंस."

आणि आता मल्हारने जे केलं ते लेथवरचा माणूसच करू शकतो. दुसऱ्या कुणी कंटाळून सोडून दिलं असतं.

बाप गेल्यावर त्याने ढोलाची नागमोडी रेघ पडद्यावर पसरली. बघतो तर एकही ठोका रेषेवर नाही. एक जरा आधी, दुसरा जरा नंतर, आणि शेवटाकडे तर सगळे पुढे धावलेले. मल्हारला वाटलं, बापाचं वय झालं. हात थरथरला असेल. जगासमोर बापाचं नाव जाणार, त्यात खोट नको.

त्याने ठोके मोजले. सतराशे एकोणचाळीस. एकेक ठोका पकडून रेषेवर आणून ठेवला. सहा दिवस. प्रेस शेजारी पत्रे कापत होता आणि हा ठोके सरळ करत होता. मान आखडली, डोळे सुजले, मंगलने आणलेला चहा कपातच साय धरून बसला. शेवटचा ठोका बसल्यावर त्याने पहिल्यापासून ऐकलं. सगळं एका मापात. मापाचा गेज लावला असता तरी फरक निघाला नसता. कॉम्प्युटरमधली जागा भरली म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. जॉब पास झाल्यावर स्क्रॅप कशाला ठेवायचा?

मेहनत खरी होती, त्यात शंका नाही. खड्डा खणायच्या जागी भिंत बांधली तरी घाम तेवढाच जातो.

वीरधवलचा आवाज चढवायला मात्र दोन दुपारी पुरल्या. त्याच्या गळ्यातून जे आलं त्यातले उच्चार तेवढे ठेवले, बाकी सगळं कॉम्प्युटरचं. ऐकून वीरधवलच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, माझा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं."

"मलाबी न्हवतं," मल्हार म्हणाला.

वाडीच्या यात्रेत गाणं सादर करायचं आणि तिथेच व्हिडिओ करायचा, असं ठरलं. धुळाचा मेळ नाचायला बोलावला. सराव कुणी केला नाही. आपलाच ढोल, त्याला कसला सराव? धुळाने गाणं ऐकलंही नव्हतं. मल्हारनेच ऐकवलं नव्हतं. त्याला बापाचं तोंड यात्रेत सगळ्यांसमोर बघायचं होतं.

ते त्याला बघायला मिळालं.

"आबा, ढोल गळ्यात घ्या, पण नुसता हात फिरवा," स्टेजवर चढताना त्याने सांगितलं. "आवाज स्पीकरातनं येणार हाय."

"म्हंजे वाजवायचं न्हाई?"

"वाजवल्यागत करायचं."

"आन् त्यो?" धुळाने वीरधवलकडे बोट केलं.

"त्योबी गायल्यागत करणार."

"मग नाचणाऱ्यांनी काय करायचं? नाचल्यागत?"

उत्तर द्यायच्या आत गाणं सुरू झालं. पांढरी धोतरं, लाल पटके, हातात रुमाल, सात जणांचं रिंगण फिरू लागलं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात जिथे ढोल चढतो तिथे धुळाचा हात सवयीने चढला. स्पीकर चढला नाही. चौघे धुळाच्या हाताकडे बघून पुढे गेले, तिघे स्पीकर ऐकून मागे राहिले. मेळातला जोतीराम, साठीचा गडी, आपल्या पुढच्याच्या पाठीवर आदळला. त्याचा पटका सुटला आणि मागच्याच्या पायात आला.

"आरं, ढोल मेलाय का काय?" जोतीराम ओरडला.

"चढ की रं!" दुसरा स्पीकरलाच म्हणाला.

स्पीकर टिकटिकीला इमान राखून चालला होता. रिंगणाचं कडबोळं झालं. धुळाने एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा कॉम्प्युटरमागे बसलेल्या पोराकडे. मग ढोलावर काठी खरी मारली.

मेळ जागेवर आला. पटका कमरेला खोचून जोतीरामही फिरू लागला. ढोल चढत गेला, पाय चढत गेले, लोक उभे राहिले. आता अडचण वीरधवलची झाली. खालून ढोल पळतोय, वरून गाणं आपल्या चालीने चाललंय, दोन्हींच्या मध्ये त्याचं तोंड. तो कधी याच्यामागे ओठ हलवी, कधी त्याच्यामागे. एक कडवं तर त्याने तोंड बंद ठेवूनच गायलं. गाणं संपलं तरी ढोल चालूच होता, तेव्हा तो हात वर करून उभा राहिला. शिट्ट्या ढोलाला पडत होत्या. हात जोडून त्याने त्या घेतल्या.

परतताना टेम्पोत धुळा ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला. मल्हार म्हणाला, "आबा, सहा दिवस लावलं ओ मी. एकेक ठोका सरळ केला."

"कुणी सांगितलं व्हतं?"

"तुमचा हात मागंपुढं व्हत व्हता."

"त्यालाच वाजवणं म्हणत्यात, लेका."

"मग पहिलंच घालतो परत," मल्हार म्हणाला खरा, आणि तेव्हा त्याला आठवलं की पहिलं आता कुठेच नाही.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. वीरधवलने पुण्याच्या एडिटरकडून तो करून घेतला होता. पाय गाण्याशी जुळत नाहीत म्हटल्यावर त्या हुशार माणसाने पायच कापले. सगळा मेळ कमरेच्या वर. पटके, रुमाल, मिशा, आणि मधोमध वीरधवल. चार दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला आणि कुणी एकानेही विचारलं नाही की ही माणसं उभी कशावर आहेत.

मल्हार मोबाईल घेऊन गावी गेला. मोबाईल हातात धरून धुळाने व्हिडिओ पूर्ण बघितला. मग मोबाईल उलटा करून खालची बाजू बघितली.

"पाय कुठं हायती?"

"कापलं."

"आन् हे खाली काय लिवलंय?"

"तुमचं नाव हाय आबा. ढोल : धुळा."

"काढ ते. मी असं वाजवलेलं न्हाई. ज्यानं वाजवलंय त्याचं टाक."

मल्हारने वीरधवलला फोन लावला. वीरधवलला वाईट वाटलं नाही, उलट काम सोपं झालं. "अहो दादा, काढतो की. मग ढोलाला कुणाचं टाकू?" लगेच त्यानेच ठरवलंही. "तुमचंच टाकतो." संध्याकाळपर्यंत नाव बदललं. ढोल : मल्हार. त्या व्हिडिओत खरं असं तेवढंच एक होतं.

आणि मग फोन यायला लागले. नागपंचमीच्या आधी शिराळ्याच्या एका मंडळाचा आला. "ढोलवाले मल्हार बोलताय का? काय हात हाय वो तुमचा, मशीनगत! आमच्याकडं तीन तास वाजवाय यायचं."

मल्हारने बारा वर्षांत ढोल गळ्यात घेतला नव्हता. चपातीचा गोळा परातीत टाकून मंगल ऐकत होती. "जावा की," ती म्हणाली. "खुर्ची न्या संगं."

"मी वाजवत न्हाई," मल्हार शेवटी फोनवर म्हणाला. कुठे चढायचं त्याला माहीत नव्हतं, आणि आपण वाजवत नाही हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता. "माझा बाप वाजवतो. नंबर देतो."

धुळा तयार झाला, पण अट घालून. "झांजंला माणूस कमी हाय. तू उभा ऱ्हाणार असशील तर मेळ येतो. टिकटिक घरी ठेवून यायचं."

शिराळ्यात मल्हार मागच्या रांगेत उभा राहिला. पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा चुकला. धुळाने मागे वळून बघितलं नाही. जोतीरामने बघितलं, चारही वेळा. तासाभराने मल्हारने मोजणं सोडलं आणि पायांकडे बघायला लागला. तीन तास संपले तेव्हा झांजेच्या दोरीने त्याची बोटं सोलली होती आणि सदरा पाठीला चिकटला होता.

टेम्पोत चढताना बापाने त्याचा हात उजेडात धरून बघितला, लेथवरचा फोरमन जॉब बघतो तसा.

"उद्या सकाळी सातला कामेरीत हाय," धुळा म्हणाला. "उशीर करू नगंस. मेळात आल्यावर कामावर येळंत यायचं असतंय."

मल्हारने मान हलवली. दुसऱ्या दिवशी एकच्या भोंग्याला एक नवा स्वतंत्र कलाकार स्टुडिओच्या शटरवर थापा मारत होता. बाळासोने जेवता जेवता त्याला सांगितलं, "प्रोड्युसर कामाला गेलाय."