सातच्या प्रार्थनेचे मास्तर

दानिएल मास्तर माइकसमोर बसण्याआधी चपला बाहेर काढायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावायचे. एकदा मी हसले, तर म्हणाले, "कोनाच्या घरात जाऊन राहिलो ना, पोरी. मंग नीट नको जायले?"

अंजनगाव सुर्जीत चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पंधरा मिनिटांचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचो. एक भजन, एक वचन आणि शेवटी आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना. मी तो परदेशातल्या एका रेडिओ केंद्राकडे पाठवायची. तिथून तो रोज संध्याकाळी सातला मिडियम वेव्हवरून मेळघाटापर्यंत पोचायचा. मास्तर निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत. एके काळी पत्रांनी टेबल भरायचं म्हणे. माझ्या काळात लिहिणारं एकच घर उरलं होतं, सेमाडोहच्या फुलवंतीचं. तिचा नवरा मोतीराम अंथरुणाला खिळलेला. रेडिओवर आपलं नाव ऐकल्याशिवाय तो भाकरीला हात लावत नसे. "हा मानूस माह्या भरवशावर जेवते," मास्तर म्हणायचे. त्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त असायची.

मग केंद्राचा निरोप आला, मिडियम वेव्ह बंद केली म्हणून. तो मी वाचला आणि मास्तरांना सांगितलाच नाही. ते खचतील या भीतीनं मी रोज रेकॉर्डिंग मात्र करत राहिले. ऐकणारं एकच तर घर, एवढं काय बिघडणार, अशी मनाची समजूत घातली. आज लिहितानाही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी फुलवंतीचं पत्र आलं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "मास्तर, तुमी काहून बोलून नाही राहिले? रेडिओत नुसती खरखर येते. घरधनी जेवून नाही राहिले."

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मले सांगाले पायजे होतं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी पिशवी उचलली.

परतवाड्याहून बस धरून आम्ही संध्याकाळी सेमाडोहला पोचलो. मोतीरामची नुसती हाडं उरली होती. उशाशी रेडिओ खरखरत होता. मास्तरांनी जवळ बसून त्याचं नाव घेतलं, प्रार्थना केली. त्यानं मान फिरवली. "तू कोन? रेडिओवाला मास्तर इथं कशाले येईन? सरक, ऐकू दे."

मास्तर उठून बाहेर गेले. सात वाजता कुडाच्या भिंतीपलीकडून भजन सुरू झालं, मग वचन, मग मोतीरामचं नाव. फुलवंतीनं रेडिओ हळूच बंद केला. मोतीराम डोळे मिटून ऐकत होता. त्यानं हात पुढे केला आणि अर्धी भाकर खाल्ली.

मी बाहेर मास्तरांकडे गेले. "प्रार्थनेत फसवलं मी त्याले," ते म्हणाले. फुलवंती दारात आली. तिनं एवढंच विचारलं, "उद्या?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतले. मास्तर तिथंच राहिले, नवव्या दिवशी मोतीराम जाईपर्यंत. परत आल्यावर त्यांनी चर्चमध्ये कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. मी माफी मागायला गेले, तेव्हा ते ताटावर बसले होते.

"तुह्यावर राग नाही," ते म्हणाले. "पन तीन हप्ते तो उपाशी होता, आन मी इथं, तो जेवला असन म्हनून, पोटभर जेवत होतो."

त्यांनी ताट सरकवलं.