दगडाखालचं जेवण

पाण्याशी गेला की तो आधी गळ टाकत नसे, दगड उलटा करी. गुडघाभर गार पाण्यात वाकून दगडाच्या पोटाला चिकटलेले किडे निरखायचा आणि म्हणायचा, "साहेब, माशांचं आज जेवण काय, ते आधी बघू."

सौदीतल्या आमच्या यान्बूच्या प्लांटवर तो पाइप फिटर होता, दाभोळ खाडीकडचा. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, पुण्याचा. फेब्रुवारीत इथल्या डोंगरातल्या वादीला, म्हणजे ओढ्याला, पाणी असतं. तेव्हा दर शुक्रवारी आमचा स्कॉटिश मॅनेजर आम्हा दोघांना गाडीत घालून तिकडे न्यायचा. त्याला छंद फ्लाय फिशिंगचा. गळावर पीस नि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती पाण्यावर अलगद टाकून माशाला फसवायचं. मॅनेजरनं एकदा तरी माझी पाठ थोपटावी म्हणून मी महागडी काठी आणि डबाभर विलायती माश्या मागवल्या होत्या. मासे मात्र या फिटरच्याच गळाला लागायचे.

याची माशी म्हणजे कॅम्पच्या छतावरच्या कबुतराचं पीस आणि जुन्या स्वेटरचा धागा. काठीसुद्धा मॅनेजरचीच. तरी मॅनेजर माझ्याशी बोलता बोलता मान वळवून त्याच्याकडेच बघत राहायचा. तुम्हीही कुठेतरी नोकरी केली असेल, तेव्हा वेगळं सांगायला नको. मी जळत होतो. "नशीबवान आहेस," असं मी कुजकटपणे म्हणालो की तो हसायचा. "नशीब कसलं साहेब, खाडीत गळ टाकून गरवतच लहानाचा मोठा झालो."

मासा परत सोडताना तो त्याला ओंजळीत धरून "जा बाबा, चूकभूल माफ कर" म्हणायचा. याचाही मला राग यायचा.

मग त्याची फायनल एक्झिट लागली, म्हणजे नोकरी संपवून कायमचं गावी परतायचं ठरलं. शेवटच्या शुक्रवारी त्यानं दगड उलटवून मला करडे किडे दाखवले, आणि तिथंच बसून तशीच एक करडी माशी बांधून माझ्या दोऱ्याला लावली. तिसऱ्या फेकीला वीतभर मासा! मॅनेजर धावत आला. माशी तळहातावर घेऊन त्यानं विचारलं, "ही कुणी बांधली?"

"मी," मी म्हणालो.

फिटर दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि एवढं इंग्रजी त्याला कळत होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "येस सर. साहेब गुड हँड."

मॅनेजरनं माझी पाठ थोपटली.

तो गावी गेला, आणि पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनं माझ्याकडे तशा सहा माश्या मागितल्या. चार दिवस मी बोटं टोचून घेतली. शेवटी नाक मुठीत धरून त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं पडवीत बसून, सावकाश, तीनदा गाठ मारून दाखवली. मग विचारलं, "सरांना आवडली ना तुमची माशी?"

तुमची, म्हणाला तो. आवाजात टोमण्याचा लवलेशही नव्हता. टोमणा मारला असता तर आमची फिटंफाट झाली असती. तेवढंही त्यानं होऊ दिलं नाही.