लेओकादीची इर्जिक

लेओकादीने सकाळी सकाळी शंख फुंकला. एकदा, दोनदा, मग पार दम लागेपर्यंत. फ्रान्सच्या ताब्यातल्या मार्टिनिक बेटाच्या त्या डोंगरउतारावर शंख वाजला म्हणजे कुणाची तरी इर्जिक आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाकीच्यांनी कुदळी घेऊन यायचं, ढोलाच्या ठेक्यावर रान खणून द्यायचं. आणि ज्याचं रान त्याने जेवू घालायचं, तेही त्याच रानातलं. लेओकादीकडे पंचवीस वर्षं तीस-तीस माणसं यायची. तिच्या कोनफळाची चवच तशी होती.

मग गेल्या वर्षी लेओकादीबाईंनी माती तपासून घेतली. कुणी सांगितलं होतं? सरकारी कागद आला: माती विषारी, कंद खाऊ नका, टोमॅटो नि शेंगा चालतील. दुसरी एखादी गप्प बसली असती. हिने रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना कागद वाचून दाखवला.

विष कुठून आलं, ते तिला कुणी सांगायला नको होतं. हा उतार पूर्वी गोऱ्या मालकाचा केळीचा मळा होता. भुंगा मारायची पांढरी पावडर तिनेच उघड्या हातांनी बुंध्याबुंध्याशी टाकली होती. फ्रान्समध्ये पावडर बंद झाली, तरी इथे आणखी तीन वर्षं चालू. इथली माणसं काय, मेली तरी चालतात! पणज्यांच्या काळी गुलामी उठली तेव्हाही भरपाई मालकांनाच मिळाली. आता विष तेवढं मजुरांच्या वाट्याला. मळा मोडला तेव्हा तिने नि नवऱ्याने हाडाची काडं करून हा तुकडा घेतला होता. नवरा गेला, लेक पॅरिसला गेली. वर्षातून इर्जिकीच्या दिवशी तेवढा घरात माणसांचा आवाज व्हायचा. तो यंदाही व्हावा, एवढंच तिला हवं होतं.

उन्हं वर आली तेव्हा एकटा म्हातारा फ्युलजाँस ढोल घेऊन आला.

"बाकीचे?"

"येतील गं. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं..."

"खोटं बोलायला तुला कधी जमलं नाही."

"बरं, मी वाजवू की खणू?"

"खण मेल्या! वाजवून टोमॅटो उगवणारेत का?"

दोघांनी मिळून दोन वाफे खणले. दुपारी तिने पातेलं बाहेर आणलं. तीस ताटं मांडलेली होतीच. फ्युलजाँसने पिशवीतून डबा काढला.

"कोनफळ दुकानातलं आहे," ती घाईघाईने म्हणाली. "ही बघ पिशवी. पाणीसुद्धा बाटलीतलं."

"माहितीये गं. पण सुनेने डबा दिला. म्हणाली, तिथे काही तोंडात घालू नका."

"सुनेचं राहू दे. तुला काय वाटतं?"

फ्युलजाँस मान खाली घालून झाकणाशी चाळा करत राहिला.

पातेलं उचलून उतारावर भिरकावून द्यावं, असं तिला वाटलं. मग त्या रिकाम्या ताटांकडे लक्ष गेलं आणि तिला भडभडून आलं. तिच्या रानात येऊन आजवर कुणी घरचा डबा उघडला नव्हता. तिने उघडू दिलाच नसता.

"सरक," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. "अर्धं मला दे."

त्याने झाकणावर भात नि खारवलेला मासा वाढला. स्वतःच्या इर्जिकीला, स्वतःच्या रानात, लेओकादी दुसऱ्याच्या डब्यातलं जेवली.