वाळलेला झेंडू

झेंडूची वाळलेली फुलं खुडली की बोटांना उग्र वास येतो, आणि मला साठ वर्षांपूर्वीचं मांडवगणातलं अंगण आठवतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. झाड फुलत राहावं म्हणून मी वाळलेली फुलं खुडत होते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "झाडाला बी धरू देत न्हाई. हिची कूस कशी उजवायची?"

मी ताडकन उठले. "आत्याबाई, पुण्याच्या डाक्टरनं दोघांनाबी तपासलंय. दोष माझ्यात न्हाई. तुमच्या लेकालाच इचारा!"

हे दारातच उभे होते. "मला काय ठावं?" म्हणाले आणि आत गेले.

सासूबाईंवरचा राग कधीच विरला. ह्यांच्यावरचा मात्र, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी, तसाच आहे.