इथंही जंगल आहे, बाई

वडसा स्टेशनवर गाडी हलली तरी आईनं खिडकीचा गज सोडला नव्हता. जन्मभर मोहफुलं आणि तेंदूपानं वेचलेली आपली आई, अनवाणी. गाडीबरोबर चालता चालता तिनं एकच विचारलं, "तिथी जंगल हाय काय रे?"

"असन," मी म्हणालो. कॅनडा तोवर मी नकाशातच पाहिला होता.

इथं जंगल आहे हे पुढं कळलं, तरी मी खोटं बोललो. पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा ती म्हणाली, "मले एकदा ने. तुयं जंगल पाहू दे." मी म्हणालो, "नुसता बर्फ हाय तिथी. झाडाले पान नाई." "झाडाबिगर माणूस जगते कसा?" म्हणत तिनं माझ्या पिशवीत सुकवलेले वास्ते, बांबूचे कोंब, भरून दिले. बर्फ खरा होता. तो वितळतो, हे मी सांगितलंच नाही. माझ्या साहेबी ओळखीपाळखीत गोंदलेली, अनवाणी आई मला नको होती. लेक उजाड मुलखात पडला, या काळजीतच ती गेली.

परवा फोनवर तू, माझी थोरली बहीण, हसत म्हणालीस, "काऊन रे, तुया गावात अजून काईच उगवलं नाई काय?" मला हसता आलं नाही. म्हणून लिहितोय. घरात सगळ्यांना वाचून दाखव.

बाई, माझ्या घरामागं पाऊलवाट आहे, ती थेट जंगलात जाते. पांढुरक्या खोडांची अ‍ॅस्पनची झाडं जरा झुळूक आली की पिंपळासारखी सळसळतात. खोडं शेकडो, पण कित्येकदा खाली मूळ एकच. छाटलेला तेंदू मुळातून फुटतो ना, तसंच. इथं अख्खी टेकडी फुटते. मधूनमधून सुईसारख्या पानांची काळीहिरवी फरची झाडं. त्यांच्या सालीवर फोड येतात, दाबले की चीक. तो घरी आणून मी निखाऱ्यावर टाकला, तर आई देवापुढं जाळायची त्या सालईच्या डिंकाची आठवण झाली. धुराचा अलार्म किंचाळला. सून धावत आली, "बाबा, देवाला बोलावताय की फायर ब्रिगेडला?"

खाली माती दिसतच नाही. बर्फ गेला की नेचे मुठी मिटून वर येतात आणि बघता बघता उघडतात. जूनमध्ये बंचबेरीची पांढरी फुलं, जमिनीपासून वीतभरही उंच नाहीत. पडलेल्या खोडावर शेवाळ, आणि शेवाळात काडीएवढं फरचं रोप. म्हातारा झालो, तरी तिथं गेलो की आवाज आपोआप खाली येतो. आई असती तर वाकून हात लावत बसली असती.

घर म्हणजे जिथून निघालो ते, असं मी इथल्या लोकांना सांगत आलो. पण जिथं आपलं माणूस आणायची लाज वाटली, ते तरी घर कसं होणार? आईला आणलं नाही, म्हणून इथलं हे घर झालं नाही.

जूनमध्ये ये. तुझे गुडघे दुखतात, हळू चालू. आणि शेवाळ लागलं की चपला काढ. मीही काढतो.