झिऱ्याचं पाणी

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी मिरवूनच सांगतो. बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यातून मेळघाटात नकाशाच्या कामावर गेलो, तेही त्याच ऐटीत.

काम असं, की उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला नकाशा हातात घेऊन नदीच्या काठाकाठानं चालायचं आणि जागेवर पडताळायचं. मे महिना. नदी ठिकठिकाणी तुटलेली. दोन डोहांच्या मधे दलदल, लव्हाळं, आणि लव्हाळ्यावर चतुर इतके स्थिर, की हवाच निजल्यासारखी वाटायची. दुपारपर्यंत आपण नकाशावरून चाललोय की नकाशा आपल्या पायाखालून वाहतोय, हेच कळेनासं व्हायचं.

वाट दाखवायला एक गवळी मावशी होती. पुढे तिच्या म्हशी, मागे ती, तिच्यामागे मी. दलदल संपते तिथं वाळूत हातभर खोल खड्डा होता आणि तळाशी पाणी. हा तिचा झिरा. मी वहीत लिहिलं.

"काय लिवलं?"

"झिरा. पाणी खारं."

"चाखलं का तू?"

"चाखायचं काय त्यात, मावशी? खणलेलं पाणी खारंच रायते."

"तुया गावात रायत असन! एवढा शिकला, अन् जीभ घरीच ठेवून आला का?"

मी हसलो. ती हसली नाही, झिऱ्याच्या काठाशी बसली.

"खारं लिवलं त उद्या तुये साहेब म्हणतीन, खाऱ्या पाण्यावर म्हशी काहून आणता? उन्हाळ्यात आमाले हा एकच झिरा आहे, बाप्पा."

आमच्याकडे विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारंच. चहात दूध फाटतं. हे मी शाळेच्या आधी शिकलो होतो, आणि पुढच्या सगळ्या परीक्षांत ते कुणी तपासलंच नव्हतं.

वाकून ओंजळ भरली. पाणी गार, वाळूचा किंचित वास, आणि गोड. दुसरी ओंजळ घेतली. डोहात म्हशी नाकापर्यंत बुडून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्यापलीकडे दलदल उन्हात हळूहळू हलत होती.

मी ओळ खोडली, नवी लिहिली. मावशीला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं तिनं नीट पाहिलं.

"वाच आता."

"झिरा. पाणी गोडं. पिण्याजोगं."

"अजून एकडाव वाच."

वाचलं. तेव्हा कुठं ती उठली, आणि तिनं म्हशींना हाक घातली.